बॉनेटच्या पलीकडे

धाकट्याने कार्बोरेटर पुन्हा एकदा उतरवला, धुतला, बसवला, आणि गाडी पुन्हा तशीच धापा टाकत उभी राहिली. तेव्हा त्याने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं आणि तरातरा अंगण ओलांडून घराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, आता तुम्हीच या."

वहिनी दाराशी बसून त्याच्याच शर्टाला बटण लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी येऊन काय करू?"

"पाय हवाय मला."

"तुम्हाला दोन दिलेत की देवानं."

"दिलेत, पण माझ्याच अंगाला जोडून दिलेत. डोकं बॉनेटमध्ये घातलं की पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत."

एरवी वहिनी हसल्या असत्या. या दिराच्या जिभेला हाड नाही, हे त्यांना लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. पण आज सुई कापडात तशीच राहिली. त्या गाडीत पुन्हा बसायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. वर्ष होत आलं, त्यांना कुणी बस म्हटलंच नव्हतं.

घर आणि गॅरेज एकाच अंगणात. दोघं भाऊ मिस्त्री. गिऱ्हाईकं त्यांना थोरले आणि धाकटा म्हणत. थोरले म्हणजे वहिनींचे यजमान: अबोल, हट्टी, एकदा कामात डोकं घातलं की घराला आग लागली तरी वर न बघणारे. धाकटा अगदी उलटा. त्याचं तोंड चालल्याशिवाय हात चालत नसत, आणि लग्नाचा विषय काढला की त्याला नेमका एखादा नट घट्ट करायचा आठवे.

थोरल्यांना वेड जुन्या गाड्यांचं. नव्या गाडीला यंत्र लावलं की ती आपला आजार आपणच सांगते, त्यात मिस्त्रीने करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. आणि जुन्या गाडीचा सगळ्यात चिवट आजार म्हणजे हवा ओढणं. कार्बोरेटरमधून इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरल्या मापाने मिळाली पाहिजे. पण सांध्यात बसवलेलं एखादं गास्केट वाळलं, एखाद्या रबरी नळीला चीर गेली, की इंजिन तिथून चोरून जास्तीची हवा ओढतं. मग उभ्या गाडीचा आवाज वरखाली होतो, गाडी अडखळते, भर रस्त्यात बंद पडते. चीर असते केसाएवढी. ती डोळ्यांना दिसत नाही. फुस्स असा बारीक आवाज तेवढा येतो, तोही इंजिनाच्या सगळ्या गोंगाटात.

थोरले तो आवाज हातभर रबरी नळीने शोधत. एक टोक कानात आणि दुसरं टोक इंजिनाच्या सांध्यासांध्यावरून फिरवायचं. त्या वेळी इंजिनाचा वेग एकसारखा लागतो. तो जरा हलला की ऐकणारा फसलाच. म्हणून आत सीटवर वहिनी. या बाईच्या पायासारखा पाय अख्ख्या धंद्यात सापडणार नाही, असं थोरले गिऱ्हाइकांना सांगत. वहिनींना मात्र ते शेजारणीकडून कळलं. नवऱ्याने केलेलं कौतुक बायकोपर्यंत असंच लांबच्या वाटेने पोचतं.

उघड्या बॉनेटमुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसे आणि इंजिनामुळे बोलता येत नसे. म्हणून खूण ठरली होती. मडगार्डवर दोनदा ठोकलं की पाय दाबायचा, एकदा ठोकलं की सोडायचा. खूण मिळेपर्यंत पाय हलवायचा नाही, हाक मारायची नाही, उतरून बघायला यायचं नाही. नव्या नवरीच्या उत्साहात वहिनी एकदा मध्येच "सापडलं का हो?" म्हणून ओरडल्या होत्या. सापडत आलेला आवाज थोरल्यांच्या हातचा गेला, आणि तो दिवस मावळेपर्यंत ते बायकोशी अवाक्षर बोलले नाहीत. संसारातले बाकीचे नियम दोघांनीही सोयीने मोडले, हा एक मात्र वहिनींनी जन्मभर पाळला.

त्या दिवशीही पाळला.

हीच गाडी, घरचीच. सकाळची वेळ. वहिनी सीटवर, समोर काचेभर उभं बॉनेट. मडगार्डवर दोनदा ठोकलं गेलं, त्यांनी पाय दाबला. इंजिन अडखळत चाललं होतं. मग एकाएकी त्याचा आवाज सुरळीत झाला. वहिनींना वाटलं, सापडलं वाटतं. आता ठोकतील. पण नुसताच तो छान एकसारखा आवाज येत राहिला, बराच वेळ. आणि मग टक्. एकदाच आणि बारीक. लगेच इंजिन पुन्हा अडखळायला लागलं.

सोड म्हणाले की काय? पण यांचं ठोकणं असं मुळमुळीत नसतं. आणि आत्ता पाय सोडला तर गाडी बंद पडेल, मग यांचं तोंड फुगेल. वहिनींनी पाय सोडला नाही. इंजिन मरू नये म्हणून उलट किंचित जास्त दाबला. किती वेळ, ते त्यांना आजही सांगता येत नाही. बाहेरून आलेल्या धाकट्याने "दादा!" म्हणून किंकाळी फोडली तेव्हाही त्यांचा पाय पेडलवरच होता.

हृदय जागच्या जागी बंद पडलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणाला. वहिनी मान डोलवत राहिल्या. ते टक् त्यांनी एकट्यांनी ऐकलं होतं.

तेव्हापासून ते टक् घरात आलं. कधी भांड्यांच्या फळीवर, कधी कपाटाच्या दारावर, कधी न्हाणीघरात पालथ्या घातलेल्या बादलीवर. एकदाच आणि बारीक. ते आलं की वहिनींचा उजवा पाय आपोआप जमिनीवरून उचलला जाई. भाजी निवडता निवडता, केस विंचरता विंचरता पाय वर! मग त्या हलक्या आवाजात म्हणत, "सोडला हो, सोडला. चुकलं माझं. तेव्हा ऐकू आलं होतं, तरी सोडला नाही." जरा थांबून लेकीचा फोन आला होता तेही सांगत, दूध नासलं तेही सांगत. धाकट्याने एकदा त्यांना असं बोलताना ऐकलं आणि तो पाय न वाजवता मागे फिरला. त्याला वाटलं, वहिनी देवाशी बोलतायत.

आता लेकीला गाडी हवी होती. बाबांची गाडी भंगारात गेलेली मला चालणार नाही, रविवारी न्यायला येते, म्हणाली. तिची नोकरी डोंगरातल्या गावी. सगळा वळणावळणाचा रस्ता आणि मागच्या सीटवर तिचं तान्हं. गाडी चढावर बंद पडली आणि मागे घसरली तर? धाकट्याची झोप उडाली होती. एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून ठेवला असता तर आजार तात्पुरता झाकला गेला असता. पुष्कळ मिस्त्री तेच करतात. पण पुतणीच्या गाडीला असं रंगवून पाठवायचं म्हणजे दादाच्या फोटोसमोर उभं कसं राहायचं? त्याने गास्केटं बदलली, नळ्या बदलल्या, कार्बोरेटरमधले रबरी पडदे बदलले. सांध्यांवर फवारा मारून पाहिला. चीर असेल तिथून इंजिन तो फवारा पिऊन टाकतं आणि त्याचा आवाज बदलतो. कुठेच बदलला नाही. गार असताना गाडी गुणी लेकरासारखी वागे, तापली की तिची थेरं सुरू.

हे सगळं त्याने दारात उभ्याउभ्या सांगितलं. वहिनींनी लेकीच्या बाळाचं नाव ऐकलं, शर्टात सुई खोचली आणि उठल्या.

सीट अजून त्यांच्याच मापाला पुढे ओढलेली होती. त्या बसल्या. किल्ली फिरवली. गाडी तापेस्तोवर धाकटा अखंड बडबडत होता, वहिनींना त्यातलं काही कळत नव्हतं. समोर ते उभं बॉनेट. त्याच्या पलीकडे कोण आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्या स्वतःला बजावत होत्या.

मडगार्डवर दोनदा ठोकलं गेलं. वहिनींनी पाय दाबला.

इंजिन अडखळत चाललं. आवाज वर जाई, खाली येई, पुन्हा वर. त्यांनी पायाने तो सावरून धरला. वर्षभरात पाय काही विसरला नव्हता. आणि मग, टक्.

पाय आपोआप उचलला गेला. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

"सोडलात कशाला?" बॉनेटमागून धाकटा म्हणाला.

"तुम्ही ठोकलंत ना."

"मी? छे. एका हातात नळी, एका हातात फवारा. ठोकू कशानं, कपाळानं?"

धाकटा खिडकीशी आला आणि त्यांचा चेहरा पाहून त्याची चेष्टा घशातच राहिली. "ऐकू मलाही आलं," तो हळूच म्हणाला. दोघांनी उघड्या बॉनेटकडे पाहिलं. भर सकाळ, अंगणात ऊन, शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू, आणि दोघांच्याही अंगावर काटा आला होता.

"परत लावू," धाकटा म्हणाला. "मी हात पाठीमागे बांधून बघतो."

परत लावली. परत इंजिन वरखाली झालं, परत टक् आलं. या वेळी वहिनींनी दात आवळून पाय जागेवर ठेवला.

"अहो, ठसका लागतोय तिला!" धाकटा ओरडला. तो धावत खिडकीशी आला, इंजिन बंद करायला लावलं आणि भराभरा सांगू लागला. "हवा एकदम जास्त झाली की इंजिन उलटं खोकतं. कार्बोरेटरच्या तोंडाशी पाती असते, ती आपटते. मी आत्ता डोळ्यांनी बघितली. एवढंच आहे ते. माझा तर जीवच गेला होता, वहिनी."

वहिनी स्टिअरिंगकडे बघत होत्या. "हे त्या दिवशी पण वाजलं होतं," त्या म्हणाल्या.

आणि वर्षभर गिळून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. टक् वाजलं ते, पाय सोडला नाही ते, उलट दाबला ते. "त्यांनी मला बोलावलं, भाऊजी. हातात जोर नव्हता, म्हणून बारीक ठोकलं. मला ऐकू आलं आणि मी बसून राहिले. मी उतरले असते तर?"

धाकट्याने पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाला, "आधी आवाज सुरळीत झाला होता म्हणालात?"

"हो. अगदी नव्या गाडीसारखा."

"तो आपोआप नाही होत, वहिनी. चीर कुणीतरी बंद केल्याशिवाय होतच नाही."

तो बॉनेटपाशी गेला आणि नुसता आत बघत राहिला. दादा सापडला तेव्हा कसा होता, हे त्याला आठवायचं नव्हतं, पण आता आठवावंच लागलं. मडगार्डवर छाती टेकलेली. उजव्या हातात नळी, कानाशी. आणि डावा हात खांद्यापर्यंत इंजिनाच्या मागे गेलेला. कोसळताना अडकला असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानेच तो हात ओढून काढला होता.

तिथे मागे, ड्रायव्हरच्या पायांच्या बाजूच्या पत्र्याकडे तोंड करून, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला एक बिनवापराची नळकांडी होती. तिच्यावर रबराचं टोपण. ते दादाने स्वतः बसवलेलं. धाकट्याने इतक्या दिवसांत सगळं इंजिन खोलून पाहिलं, त्या टोपणाला हात लावला नाही. दादाचं काम पुन्हा तपासायचं नाही, ही या गॅरेजची रीतच होती. त्याला हात लावायला फक्त दादालाच मुभा होती, आणि शेवटच्या दिवशी तो नेमकं तेच करत होता.

"वहिनी, पुन्हा लावा. मी मागे हात घालतोय."

"थांबा." वहिनींचा आवाज चिरकला. "तुम्ही बोलत राहा. मला तुम्ही दिसत नाही. बोलत राहिल्याशिवाय मी नाही लावणार."

"मला गप्प बस म्हणणारे पुष्कळ भेटले. बोला म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

गाडी सुरू झाली. धाकट्याने मडगार्डवर छाती टेकली, आणि त्याच्या वजनाने गाडी एका अंगाला किंचित कलली. वहिनींना ते कलणं सीटमध्ये जाणवलं. त्या दिवशीही असंच जाणवलं होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. धाकटा इंजिनावरून ओरडत होता, "बोलतोय, बोलतोय. खांदा जातोय. मनगट गेलं. केवढं तापलंय हे! टोपण लागलं हाताला. खालच्या बाजूनं..."

आणि तो गप्प झाला.

इंजिनाचा आवाज सुरळीत झाला. छान, एकसारखा. तोच.

"भाऊजी?"

उत्तर नाही. काचेभर बॉनेट, आणि तो गुळगुळीत आवाज.

"भाऊजी!" वहिनी ओरडल्या. नव्या नवरीच्या त्या चुकीनंतर पहिल्यांदाच त्यांनी चालू इंजिनावर गळा फाडला. त्यांनी दाराची कडी ओढली आणि एक पाय बाहेर टाकला. उजवा मात्र अजून पेडलवरच होता.

"आहे हो, आहे!" आतून आवाज आला. "बोट भाजतंय, म्हणून दात आवळलेत. सापडली चीर! टोपण खालून फाटलंय. तापलं की उघडतं. आता बोट काढतो, ऐका."

टक्. इंजिन अडखळलं.

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "परत करा," त्या म्हणाल्या.

त्याने परत बोट ठेवलं. आवाज सुरळीत. बोट काढलं. टक्, आणि अडखळणं. परत करा, म्हणाल्या. बोटाचा कोळसा होईल म्हणून तो कुरकुरला, तरी त्याने पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी तेच, त्याच क्रमाने, त्या सकाळी झालं होतं तसंच.

शेवटी त्यांनीच किल्ली फिरवली. धाकटा लाल झालेलं बोट तोंडात घालून खिडकीशी आला. ते काढून तो सावकाश बोलला, एकेक शब्द तपासून, त्याच्या स्वभावात नसलेल्या रीतीने.

"उजव्या हातात नळी होती त्याच्या. मीच सोडवली ती. डावा हात तिथं मागे. ठोकायला हातच मोकळा नव्हता, वहिनी. त्याला चीर सापडली होती, बोट ठेवून तो सुरळीत आवाज ऐकत होता. आणि बोट निसटलं, तेव्हा तिला ठसका लागला. तुम्ही ऐकलं ते हे. त्यानं तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"बोलावलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"नाही. शप्पथ सांगतो. खूष होता तो. बराच वेळ ऐकत बसला म्हणालात ना? इतका चटका बसत असताना? ते मजेनंच."

वहिनींनी डोळे मिटले. छातीवरचा धोंडा उतरला, हे त्यांना अगदी स्पष्ट जाणवलं. वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास आत गेला. त्यांना बरं वाटलं. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि दिराकडे पाहून हसल्यासुद्धा. धाकट्याला वाटलं, चला, सुटलो.

मग ते हसू तसंच ओठांवर राहिलं आणि चेहरा हळूहळू उतरला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ते रोज येतात."

"कोण?"

"रोज येऊन ठोकतात. फळीवर, कपाटावर. मी तेव्हा ऐकलं नाही म्हणून येतात. मी रोज माफी मागते. मग थोडं इकडचं तिकडचं सांगते. तेवढंच बोलणं होतं आमचं." त्यांनी पेडलवरचा पाय उचलून शेजारी ठेवला. "आता तुम्ही म्हणता, त्यांनी बोलावलंच नव्हतं. माझी चूकच नव्हती. मग आता ते कशाला येतील?"

धाकट्याने तोंड उघडलं. सवयीने उघडलं. पण आयुष्यभर ज्याने कधी दगा दिला नव्हता ते त्याचं तोंड आज रिकामंच निघालं. नवं टोपण आणायला हवं होतं, रविवारी लेक येणार होती, आणि दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही.